काठ दिसला पाहिजे

वेबसाइटसाठी फोटो मागताना आजही पुष्कळ जण बजावतात, "७२ डीपीआयचे द्या हं." सांगणाऱ्याचा दोष नाही. ही गोष्ट आमच्या धंद्यात इतकी वर्षं तोंडी चालत आली आहे की ती खरीच वाटते. १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर एका इंचात ७२ ठिपके बसायचे. टाइपाचा पॉइंटही इंचाचा साधारण बहात्तरावा भाग, त्यामुळे पडद्यावरचं अक्षर आणि कागदावरचं अक्षर एकाच मापाचं दिसायचं. तो पडदा कधीच इतिहासजमा झाला, आकडा मात्र राहिला. फाईलमध्ये डीपीआय काय लिहिलंय याकडे ब्राउझर ढुंकूनही बघत नाही. फोटो किती पिक्सेल रुंद आणि किती पिक्सेल उंच, एवढंच त्याला कळतं. १२०० पिक्सेलांचा फोटो ७२ लिहून सेव्ह करा की ३०० लिहून, पडद्यावर काडीचा फरक पडत नाही.

मी मूळची छपाईवाली, म्हणून या आकड्याची पकड मला चांगली ठाऊक आहे. नारायण पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात पेजमेकर आणि कोरल ड्रॉ शिकले. तिथे फाईल तयार करणं म्हणजे फाईल बंद करणं. मजकूर कर्व्ह करायचा, फोटो सीएमवायके करायचे, लेअर फ्लॅटन करायचे, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड सोडायचं, क्रॉप मार्क टाकायचे आणि प्रेसला पाठवून द्यायचं. त्यानंतर फाईलला कोणी हात लावला तर भांडण. कागदाचा आकार आधीच ठरलेला, डेमी म्हणजे डेमी. कटिंग मशीनवरच्या माणसाचा हात जरा इकडेतिकडे झाला तर तेवढ्यापुरतं ब्लीड होतंच.

वेबच्या कामाला लागले तेव्हा पहिली काही वर्षं तिथेही हाच कारभार होता. पडदा १०२४ पिक्सेलांचा धरायचा, त्यात ९६० पिक्सेलांचं पान मधोमध. फोटोशॉपमध्ये अख्खं पान रंगवायचं, स्लाइस टूलने त्याचे तुकडे पाडायचे आणि एचटीएमएल करणाऱ्याच्या हवाली करायचे. मराठी मजकूर बहुतेक वेळा चित्रातच असायचा, कारण आपला फॉन्ट समोरच्याच्या संगणकावर असेल याची खात्री नसायची. शीर्षक, मेन्यू, बटणं, सगळं जिफ नाहीतर जेपीजी. पान कागदासारखंच होतं, फक्त कागद नव्हता.

२०१० साली महिनाभराच्या अंतराने दोन गोष्टी झाल्या. मे महिन्यात ईथन मारकॉट या अमेरिकन डिझायनरने 'अ लिस्ट अपार्ट'मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' नावाचा लेख लिहिला. लवचीक कॉलम, लवचीक चित्रं आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणारे नियम या तिघांच्या जोरावर एकच पान सगळ्या पडद्यांवर नीट बसवता येतं, असं त्याचं म्हणणं. जून महिन्यात आयफोन ४ आला. त्याच्या पडद्यावर पूर्वीइतक्याच जागेत उभे-आडवे दुप्पट ठिपके. एकाने चौकट पक्की राहू दिली नाही, दुसऱ्याने पिक्सेल म्हणजे पिक्सेल हा हिशेब मोडला. आमच्यापर्यंत दोन्ही गोष्टी पोचायला वेळ लागला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि मग गिऱ्हाइकांनाच त्यांच्या वेबसाइट फोनवर दिसायला लागल्या. "मॅडम, माझ्या मोबाइलवर फोटो अर्धाच येतोय," हे वाक्य त्या काळात मी रोज ऐकत होते.

ज्या कामाने मला हा विषय खरा समजला ते येवल्याच्या एका पैठणीवाल्यांचं. दुकान जुनं, मागच्या खोल्यांत माग चालू. मालक वयाने मोठे, मी त्यांना काका म्हणते. फोटो त्यांनी नाशिकहून फोटोग्राफर बोलावून काढून घेतले होते आणि फोटो खरोखर सुरेख होते. वेबसाइटबद्दल त्यांची एकच अट होती, "काठ दिसला पाहिजे. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा."

मुख्य पानावरचा फोटो आडवा होता. उजव्या बाजूला साडी नेसलेली मुलगी उभी, खांद्यावरून सोडलेला पदर डावीकडे पसरलेला, मागे वाड्याची काळसर भिंत. लॅपटॉपवर १४४० पिक्सेल रुंदीची पट्टी भरून तो इतका छान बसला की काकांनी लगेच होकार दिला. मग आमच्या डेव्हलपरने तोच फोटो फोनच्या उभ्या चौकटीत भरला. चौकट भरण्यासाठी ब्राउझर फोटो मोठा करतो आणि उरलेलं छाटतो. कुठून छाटायचं हे कोणी सांगितलं नसेल तर तो मध्य धरतो. या फोटोच्या मध्यात काय होतं? कोपर आणि भिंत. मुलगी उजवीकडे अर्धी गेली, पदराचा काठ डावीकडे गेला. काकांचा फोन आलाच.

अशा वेळी डेव्हलपरचा पहिला उपाय ठरलेला असतो, "ताई, फोटो कापू नको, पूर्णच बसवतो." बसतो की. ३६० पिक्सेल रुंदीत आडवा फोटो पूर्ण बसवला तर त्याची उंची दीडशेच्या आसपास येते. त्यात मुलगी बोटाच्या पेराएवढी आणि पदरावरचा मोर मुंगीएवढा. काठ दिसतो म्हणायला दिसतो, पण तो पैठणीचा आहे की कशाचा हे काकांनाही सांगता आलं नसतं. दुसरा उपाय नव्या सोयींचा आहे. चित्रं साठवणाऱ्या काही सेवा चेहरा ओळखून त्याभोवती आपोआप छाटतात. तेही करून बघितलं. चेहरा अगदी बरोबर मध्यभागी आला, आणि साडीचं दुकान आहे की सौंदर्यप्रसाधनांचं ते कळेना.

तेव्हा मी काकांना विचारलं, या फोटोतलं काय गेलं तरी चालेल? त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "चेहरा गेला तरी चालेल." मॉडेलच्या पैशांवरून फोटोग्राफरशी घासाघीस करणारा माणूस चेहरा सोडायला तयार होता, कारण फोनवर बघणारी बाई काय बघते हे त्याला दुकानातल्या गादीवर बसून माहीत होतं. ती पदर हातात घेते, काठ उलटा करून बघते. खऱ्या पैठणीची नक्षी मागच्या बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत, हे तिला ठाऊक असतं.

मग फोनसाठी आम्ही वेगळंच छाटलं. खांद्याच्या खालपासून पदर, त्यातला बांगडी मोर मोठा, खाली काठाची पट्टी पूर्ण. मुलीचा फक्त हात दिसत होता. टॅबसाठी कंबरेपासून वर, चेहऱ्यासकट, पण काठ डाव्या कडेला अख्खा. लॅपटॉपसाठी मूळ फोटो. एकाच फोटोच्या या तीन आवृत्त्या ब्राउझरला वेगवेगळ्या रुंदीप्रमाणे देता येतात. त्यासाठी एचटीएमएलमध्ये 'पिक्चर' नावाचा टॅग आहे, क्रोममध्ये तो २०१४ साली आला. तो टॅग येण्याआधी डेव्हलपर मंडळी हेच काम जुगाडाने करत असत आणि दर दुसऱ्या फोनवर ते मोडत असे.

टॅग डेव्हलपरचा, पण त्यात काय भरायचं ते डेव्हलपरला कळणं शक्यच नाही. तो बंगळुरूत बसलेला असू शकतो, त्याने आयुष्यात पैठणी हातात घेतलेली नसेल. काय गेलं तर चालेल आणि काय गेलं तर चालणार नाही, हे ज्याने फाईल केली त्यानेच फाईलमध्ये लिहून ठेवायला हवं. छपाईत हे लिहावं लागत नव्हतं, कारण छाटणी एकदाच आणि आपल्या डोळ्यांदेखत होत होती. आता ती आपल्या पश्चात, आपण न बघितलेल्या पडद्यांवर रोज होते.

माझ्या फाईलची रचना तेव्हापासून बदलली. तीन आर्टबोर्ड, प्रत्येकावर एक आवृत्ती. सगळ्यांत वर एक लेअर, त्याचं नाव 'सेफ'. त्यात नुसती एक पोकळ चौकट. तिच्या आतलं काहीही, कुठल्याही पडद्यावर छाटायचं नाही. चौकटीच्या बाहेर भरपूर जागा सोडलेली. शिंपी शिलाईच्या आत माया ठेवतो, तशी ही माया. छपाईतलं ३ मिलिमीटर ब्लीड इथे कधीकधी निम्म्या फोटोएवढं होतं. त्यामुळे फोटोग्राफरला आता आधीच सांगते, जवळ जाऊन टाइट फ्रेम धरू नका, चारी बाजूंना भिंत येऊ दे. त्यांना ते आवडत नाही. फ्रेम बांधणं हीच त्यांची कला, आणि मी त्यांना सैल फ्रेम मागते. एकाने तर तोंडावर सांगितलं की असे फोटो काढायला फोटोग्राफर कशाला हवा. मला त्याचं म्हणणं पटतं, तरीही सैलच मागते.

आर्टबोर्डच्या शेजारी दोन आकडेही लिहिते, फोटोतला महत्त्वाचा बिंदू डावीकडून किती टक्क्यांवर आणि वरून किती टक्क्यांवर. तीन आवृत्त्यांच्या अधल्यामधल्या रुंदीवर छाटायची वेळ आली की ब्राउझर मध्याऐवजी हा बिंदू धरतो. सीएसएसमध्ये त्याची एक ओळ असते. आकडे नुसत्या नजरेने टाकायचे नाहीत, चौकट खरोखर अरुंद करत करत बघायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि कोणी त्याचे वेगळे पैसे देत नाही.

आता मापांचं. छोट्या फोनला छोटा फोटो पुरेल असं कोणालाही वाटेल, मलाही वाटायचं. ज्या फोनची रुंदी ब्राउझर ३६० म्हणतो, त्याच्या काचेवर प्रत्यक्षात अनेकदा १०८० ठिपके असतात, म्हणजे तिप्पट. आपल्याकडच्या साध्या लॅपटॉपची रुंदी १३६६. म्हणजे खिशातला फोन जवळजवळ लॅपटॉपएवढेच पिक्सेल मागतो, आणि तेही बऱ्याचदा लासलगावच्या पुढे एसटीत बसून, नेटवर्कचा एकच दांडा असताना. उलट जिओफोनचा पडदा २४० बाय ३२० चा. दोघांना एकच फाईल पाठवणं हा एकावर तरी अन्यायच. त्यासाठी एकाच चित्राच्या वेगवेगळ्या रुंदीच्या प्रती करून यादी ब्राउझरच्या हातात द्यायची आणि निवड त्याच्यावर सोपवायची, अशी सोय आहे. वर्डप्रेसमध्ये २०१५ च्या डिसेंबरपासून ही यादी आपोआप तयार होते.

आपोआप होते म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. पण ब्राउझरची एक अडचण आहे. पानाची मांडणी ठरायच्या आधीच तो चित्रं मागवायला निघालेला असतो, कारण तोवर थांबलं तर वेळ जातो. त्यामुळे हे चित्र पानावर किती रुंद दिसणार आहे हे त्याला तेव्हा माहीत नसतं. आपण सांगितलं नाही तर तो पडद्याच्या पूर्ण रुंदीचं धरून चालतो. तीन कॉलमांत मांडलेल्या साड्यांच्या छोट्या फोटोंसाठी तो तिप्पट रुंदीच्या फाईली ओढतो आणि पान रडतखडत उघडतं. डेव्हलपर मला विचारतो, "ताई, हा फोटो टॅबवर किती रुंद?" हा प्रश्न तांत्रिक वाटतो, उत्तर मात्र डिझाइनच्या फाईलमध्येच असतं: फोनवर पूर्ण रुंदी, टॅबवर निम्मी, लॅपटॉपवर एक तृतीयांश, दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल समास. हे प्रत्येक चित्राखाली लिहून दिलं की तो एका ओळीत ते कोडमध्ये टाकतो. लिहिलं नाही तर तो अंदाज करतो, आणि अंदाज नेहमी मोठ्या बाजूचा असतो. कमी पडून फोटो धूसर दिसला तर शिव्या बसतात. जास्त झालं तर सोसणारा डेटाचा मालक कुठेतरी लांब असतो.

पैठणीच्या फोटोंनी मला जेपीजीचे जे रंग दाखवले ते आधी कुठल्याही कामात दिसले नव्हते. राणी रंगाच्या जमिनीवर हिरवे पोपट, ही पैठणीतली नेहमीची जोडी. लहान मापात सेव्ह केलं की पोपटांच्या कडा विटायच्या, हिरवा राणीत झिरपल्यासारखा आणि मधे एक मातकट रेघ. कारण जेपीजीच्या कामाच्या पद्धतीत आहे. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका कळत नाही. याचा फायदा घेऊन जेपीजी उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतो, पण रंगाची दर चार पिक्सेलांमागे एकच. आकाश, चेहरा, झाडं यांत ही काटकसर कोणाला जाणवतही नाही. पण शेजारीशेजारी विरुद्ध रंगांचे धागे, तेही चारपाच पिक्सेल रुंदीचे, म्हणजे या काटकसरीचा नेमका शत्रू. फोटोशॉपच्या 'सेव्ह फॉर वेब'मध्ये क्वालिटी ५० च्या वर ठेवली की रंगातली ही कपात बंद होते. मी ५५ वर ठेवते. फाईल थोडी जड होते, पोपट पोपट राहतो.

मग वेबपी आला. गूगलने २०१० मध्येच आणलेला हा प्रकार सफारीने २०२० मध्ये स्वीकारला आणि त्यानंतर सगळे तो मागू लागले. फाईली खरंच हलक्या होतात. पण वेबपीच्या नेहमीच्या प्रकारात रंगाची कपात कायमचीच आहे, बंद करायचं बटणच नाही. डेव्हलपरने सर्व्हरवर आपोआप वेबपी चालू केलं, वेगाचे मार्क वाढले, सगळे खूष. काकांनी चार दिवसांनी विचारलं, "राणी कलरची साडी अशी जुनाट का दिसतेय?" ज्यांच्या डोळ्यांना धाग्यातला फरक कळतो त्यांना वेगाचा तक्ता दाखवून समजूत घालता येत नाही. पदर आणि काठाचे जवळून काढलेले फोटो आम्ही वेबपीतून वगळले, बाकीचे राहू दिले. दुकानाची इमारत, मागावर बसलेले कारागीर, चहाचे कप, यांना वेबपी उत्तम.

रंगाची दुसरी कटकट प्रोफाइलची. फोटोग्राफरचा कॅमेरा अॅडोबी आरजीबीवर असतो. तीच फाईल एसआरजीबी न करता सेव्ह केली आणि हलकी करण्याच्या नादात कोणी प्रोफाइल काढून टाकलं, की रंग फिके पडतात. आमसुली साडी विटलेली दिसते. पैठणीत तर धूपछाव, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे हलवली की रंग बदलतो. फोटोत त्यातला एकच रंग येतो. आधीच गिऱ्हाईक "फोटोत वेगळी दिसत होती" म्हणून साडी परत पाठवायला बसलेलं असतं, त्यात ही भर. म्हणून पहिलं काम एसआरजीबी करणं आणि प्रोफाइल आत ठेवणं. तीन किलोबाइट वाचवून साडी परत घेण्यात काय शहाणपण.

जरीचं दुखणं आणखी वेगळं. जरीची बारीक वीण लहान करताना तिच्यातून नसलेल्याच लाटा उमटतात, आणि पान वरखाली केलं की त्या चमचमतात. मोठा फोटो देऊन ब्राउझरला लहान करायला सांगितलं की हे हमखास होतं. जरीच्या फोटोंच्या प्रती मी जवळजवळच्या रुंदींच्या काढते, लहान करायच्या आधी अगदी थोडा ब्लर देते आणि लहान केल्यावर प्रत्येक मापाला वेगळं शार्पन करते. ५०० पिक्सेलांना जे शार्पन छान दिसतं ते १५०० ला खरखरीत दिसतं. हे एकगठ्ठा अॅक्शन लावून होत नाही, कोणी काहीही म्हणो.

चित्रातल्या मजकुरावर मी आता भांडते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दिवाळी, प्रत्येक वेळी दुकानाला बॅनर हवा असतो आणि तो फ्लेक्स करणाऱ्याकडूनच येतो. १२०० पिक्सेल रुंदीच्या बॅनरवर २८ पिक्सेलांची ओळ ऐटीत दिसते. तोच बॅनर फोनवर ३६० चा झाला की ती ओळ आठ पिक्सेलांची होते. इंग्रजी अक्षर आठ पिक्सेलांतही कसंबसं तग धरतं. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, मधे जोडाक्षर. आठ पिक्सेलांत वेलांटी शिरोरेषेत विरघळते, रफार उडतो, 'क्ष' आणि 'ज्ञ' म्हणजे नुसते दोन डाग. वर जेपीजीची जाळी शिरोरेषेभोवती धूळ उडवते ती वेगळी. आणि एवढं करून तो मजकूर गूगलला धड वाचता येत नाही, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला धड वाचता येत नाही, आणि "२० टक्के सूट" चं "१५ टक्के" करायचं झालं तर पुन्हा फ्लेक्सवाला.

युनिकोड फॉन्ट नव्हते तेव्हा मजकूर चित्रात घालण्यावाचून इलाज नव्हता. आता मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आहे, बलू आहे, फुकट आहेत आणि छान वाचले जातात. तेव्हा मजकूर मजकूर म्हणून वेगळा, फोटो फोटो म्हणून वेगळा. लॅपटॉपवर मजकूर फोटोवर बसतो, फोनवर खाली उतरतो. फाईलमध्ये मी फोटोतली शांत जागा, म्हणजे त्या काळसर भिंतीचा तुकडा, आखून ठेवते. तिथे खरा मराठी मजकूर टाकून बघते, लॅटिनचा भरताड नमुना कधीच टाकत नाही, कारण आपल्या ओळींना वरखाली जास्त जागा लागते आणि इंग्रजीत दोन ओळींत मावलेलं मराठीत तीन ओळी घेतं. सुलेखन असलं तर गोष्ट वेगळी. दुकानाचं नाव एका सुलेखनकाराने वळणदार काढलेलं होतं, ते एसव्हीजी केलं, त्याला कुठल्याही मापात धोका नाही. फक्त नावाखालची 'अस्सल हातमागाच्या पैठण्या' ही ओळ छोट्या आवृत्तीतून काढून टाकली. काकांना ते आवडलं नाही. वडिलांच्या वेळेपासूनची ओळ होती. मी तीच ओळ लोगोच्या बाजूला मजकूर म्हणून आणली, तेव्हा ते गप्प झाले.

फाईलींच्या नावांबद्दल कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत आणि अर्ध्या रात्री त्यातच जातात. आपला विंडोज कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच मानतो, सर्व्हरवरचा लिनक्स मानत नाही. ऑफिसात चाललेलं पान सर्व्हरवर चढवलं की निम्मे फोटो गायब, आणि कारण एवढंच की एकाच्या नावात 'जेपीजी' मोठ्या अक्षरांत आहे. नावात मोकळी जागा असली किंवा नाव मराठीत असलं की पत्त्यात त्याचं टक्क्यांच्या चिन्हांचं जंगल होतं. 'फायनल', 'फायनल न्यू', 'फायनल लास्ट' ही परंपरा तर छपाईतून आम्हीच इकडे आणली. आता नावातच साडीचा क्रमांक, फोटोतला भाग आणि रुंदी, सगळं लहान अक्षरांत आणि मधे आडव्या रेघा. पूर्वी फोटोशॉपमध्ये लेअरलाच 'काठ डॉट जेपीजी' असं नाव दिलं की तो आपणहून त्या नावाची फाईल काढून द्यायचा. २०१३ मध्ये आलेली ही सोय मला फार आवडायची. आता बहुतेक काम फिग्मात होतं, पण साड्यांच्या फोटोंसाठी मी अजून फोटोशॉपच उघडते. रंगाचं आणि शार्पनचं काम फिग्मात होत नाही, आणि तरुण मुलं हे मान्य करत नाहीत.

काम संपवून देते तेव्हा फोल्डरचे दोन भाग असतात. एकात वेबसाइटवर चढवायच्या फाईली, हलक्या, छाटलेल्या, मापामापाच्या. दुसऱ्यात मूळ फाईली: पूर्ण रुंदीच्या, लेअर शाबूत, 'सेफ' चौकटीसकट, आणि कॅमेऱ्यातून आलेले कच्चे फोटो. दुसरा भाग कित्येक गिगाबाइटचा होतो आणि गिऱ्हाइकांना तो नको असतो. "एवढं कशाला, वेबसाइटवर आहेतच की फोटो." काकांनीही पहिल्या वर्षी तो घेतला नव्हता. मी माझ्या हार्ड डिस्कवर ठेवला, तोही पहिल्या हंगामानंतरच्या फोटोंचा. सुरुवातीच्या हंगामातले फोटो फोटोग्राफरने लहान करूनच पाठवले होते, कच्चे त्याच्याकडेही राहिले नव्हते.

एवीआयएफ हा चित्रांचा आणखी नवा प्रकार चालू लागला तेव्हा मूळ फाईली असण्या-नसण्यातला फरक पुढे आला. त्यात फाईल वेबपीपेक्षाही हलकी होते आणि रंगाची कपात न करताही सेव्ह करता येते. म्हणजे राणी जमिनीवरचे हिरवे पोपट, कडा शाबूत ठेवून, हलक्या फाईलीत. आम्ही वगळलेले सगळे काठ-पदरांचे फोटो मूळ फाईलींवरून नव्याने काढले. छाटायचं कुठे हे आधीच लिहिलेलं असल्याने डेव्हलपरने मला एकही प्रश्न न विचारता काम उरकलं. पहिल्या हंगामातल्या साड्यांचं मात्र काही करता आलं नाही. जेपीजी एकदा चिरडलेला रंग परत देत नाही, आणि नव्याने फोटो काढायचा तर त्या साड्या कधीच विकल्या गेल्या होत्या. हातमागावरची प्रत्येक साडी एकच असते.

मी काकांना म्हटलं, विकल्या गेलेल्या साड्यांची पानं काढून टाकू या, नाहीतरी फोटो खराब आहेत. ते नको म्हणाले. दुकानात येणाऱ्या बायका फोनवर नेमकं तेच पान उघडून दाखवतात, "अशीच, पण मोरपंखी रंगात," आणि कारागीर तो फोटो बोटांनी मोठा करून करून त्यातल्या बुट्ट्या मोजायचा प्रयत्न करतो.